गच्चीवर आणखी एक थर

आमच्या घरात जुनं काही काढत नाहीत, त्याच्यावर नवीन घालतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. सोफ्याच्या कव्हराखाली कव्हर, त्याखाली आणखी एक, आणि अगदी तळाशी मूळचं कापड, ज्याचा रंग घरात कोणालाच आठवत नव्हता. ओट्यावर प्लास्टिकचा कागद, तो फाटला की त्यावर दुसरा. भांडणांचंही तेच. कालचं भांडण मिटवायचं नाही, त्यावर आजचा चहा ठेवायचा. मी शिवणकाम करते. ठिगळावर ठिगळ लावत गेलं की कापड ठिगळापाशी फाटत नाही, शेजारी फाटतं, हे मला रोज दिसतं. पण तसं बोलले की सासूबाई म्हणायच्या, "तुझं बाई सगळं कापडावरच येतं."

सासऱ्यांना सगळा मोहल्ला अण्णा म्हणायचा. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. लोखंडी कांबीचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून, जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यात ते इतके वाकबगार होते की साहेब लोक गाडी पाठवून त्यांना बोलावून घ्यायचे. निवृत्त झाले आणि शहराची गळती सुटून घराची हाती आली. नळाला थेंब दिसला की अण्णांच्या कपाळाला आठ्या. भिंतीवर ओल दिसली की ते बोट लावून बघायचे, मग ते बोट अंगठ्यावर चोळायचे आणि सांगायचे, "जुनी आहे," किंवा "ताजी आहे." पाण्याला ते पाण्यातच पाहत, असं नवरा गमतीनं म्हणायचा. अण्णांसमोर नाही, अर्थात.

वरची मोठी खोली अण्णांनी मागाहून बांधून घेतली होती. तिथे आम्ही तिघं राहायचो. मी, नवरा आणि आमची मुलगी, जिचा पाय घरात ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. खोली ऐसपैस होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग छत, मधे खांब नाही, तुळई नाही. याचा अण्णांना फार अभिमान. पाहुणा आला की त्याला जिन्यानं वर आणून दाखवायचे, "बघा, मधे काहीही नाही." आणि त्या छतावर गच्ची.

गच्ची गळायची. पहिल्यापासूनच. खोली बांधली तेव्हा छतावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला होता. तो गळला, म्हणून त्यावर फुटक्या फरशीचे तुकडे जडवले. ते सुटे झाले, म्हणून त्यावर सिमेंटचा जाड हात. मग डांबर. डांबर उन्हात पाघळून चपलांना चिकटायला लागलं, म्हणून त्यावर वाळू आणि परत सिमेंट. नवरा सांगतो, तो लहान असताना गच्चीचा कठडा त्याच्या छातीला लागायचा आणि त्यावरून वाकून बघायला तो टाचा उंच करायचा. मी आले तेव्हा कठडा मांडीला लागत होता. मला वाटलं, नवरा उंच झाला. तो झालाच होता, पण गच्चीही झाली होती.

यंदा ओल बरोबर आमच्या पलंगावर आली. भिंगरीला त्या डागात गाढव दिसायचं. दर आठवड्याला ते गाढव मोठं व्हायचं. अण्णांनी स्टुलावर चढून बोट लावलं, चोळलं, आणि जाहीर केलं, "ताजी. आता एकदाच कायमचं करून टाकू."

कायमचं करायचं म्हणजे आधी माल निवडायचा. त्यात अण्णांनी सगळ्या घराला कामाला लावलं. तीन जणांना बोलावलं.

पहिला आला तो शीटवाला. डांबराची जाड शीट विकायचा. अंगाला सेंटचा भपकारा, हातात नमुन्यांची बॅग, आणि तोंड असं चालायचं की सासूबाईंनी त्याला दोनदा पाणी दिलं तरी त्याला ते प्यायला वेळ मिळाला नाही. गच्चीवर जाऊन त्यानं बुटाची टाच आपटली, हातोडी मारून बघितली, मग खोलीत येऊन छताकडे मान वर करून उभा राहिला.

"साहेब, आधी हे वरचं सगळं फोडून काढा," तो म्हणाला. "स्लॅबपर्यंत. एवढं ओझं डोक्यावर घेऊन कोणी झोपतं का? आतल्या सळ्या गंजून बारीक झाल्या असणार. आणि हे बघा, छताला पोट आलंय."

"पोट तुला आलंय," अण्णा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. शीटवालाही हसला आणि त्याच दमात शीटची लेखी गॅरंटी, रंग, जाडी, शेजारच्या गल्लीतली पाच घरं, सगळं घडाघडा सांगून मोकळा झाला. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "हा सगळीकडे फोडायलाच सांगतो. फोडायचं काम त्याचा मेहुणा करतो." म्हणजे विषय संपला. छतात पोट आहे का, हे बघायला कोणी मान वर केली नाही. मी केली. मला ते दिसलं, आणि नाहीही दिसलं. शिवताना उभ्या रेघेकडे फार वेळ बघितलं की ती हलायला लागते, तसं झालं.

दुसरी एक मुलगी आली. पांढऱ्या रबरी रंगाचा डबा घेऊन. ब्रशनं दोन हात मारायचे, वाळलं की रबरासारखी कातडी तयार होते. वजन जवळजवळ काहीच नाही, आणि शनिवार-रविवारात काम संपतं. मला ते फार आवडलं. माझ्या मशीनवर धूळ बसणार नाही, एवढाच माझा स्वार्थ. अण्णांनी तिनं आणलेल्या, रंग दिलेल्या नमुन्याच्या फरशीवर किल्लीनं ओरखडा काढून बघितला. ओरखडा उठला नाही. त्यांनी परत जोर लावून काढला. मग म्हणाले, "गच्चीला पावडर लावून काय होणार? म्हातारीला नटवल्यासारखं." मुलगी बिचारी हिरमुसून डबा उचलून गेली.

तिसरा आमचा जुना मिस्त्री. गच्चीवरचा एकूण एक थर यानंच घातलेला. त्याला आम्ही पाठीमागे होयबा म्हणायचो. अण्णांनी विचारलं, "परत विटांचा कोबा घालून वर जाड फरशी बसवली तर?" तो म्हणाला, "एकदम बरोबर." अण्णांनी विचारलं, "की नुसती फरशी?" तो म्हणाला, "तेही बरोबर."

मग नमुन्यांची परीक्षा सुरू झाली. बाथरूममध्ये तीन बादल्या. एकीत शीटचा तुकडा, एकीत पांढऱ्या रंगाची फरशी, एकीत कोब्याचा गठ्ठा. अंघोळीला जायचं तर बादल्या ओलांडून जायचं आणि एकीलाही धक्का लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ अण्णा तिघांना बाहेर काढायचे, फडक्यानं टिपायचे, तराजूत घालून किती पाणी प्याले ते बघायचे. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त पाणी कोबाच प्याला. पण अण्णांनी तो हातावर तोलला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"याला म्हणतात माल," ते म्हणाले. "जड असलं की पाणी दबून राहतं. हलकं कधी टिकत नाही, सूनबाई."

"अण्णा, पण शीटवाला ओझ्याचं म्हणत होता ते..."

"तू कॉलर बघ," अण्णा म्हणाले. रागानं नाही, लाडानंच. मला लाड नको होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नवऱ्यानं डोळ्यांनी खुणावलं आणि मी कॉलर मशीनखाली सरकवली.

कोबा सुरू झाला. विटा पोत्यांनी वर गेल्या, वाळू वर गेली, सिमेंट वर गेलं. दिवसभर डोक्यावर कोणी मिऱ्या वाटतंय असं वाटायचं. मी खाली खोलीत बसून एका दवाखान्याचे पांढरे कोट शिवत होते आणि दर थोड्या वेळानं कोटावर वरून बारीक पांढरी भुकटी पडायची. मी झटकायची, परत पडायची. पांढऱ्यावर पांढरी, म्हणून दिसायची नाही. बोटांना लागायची.

त्याच सुमारास दार अडायला लागलं. खोलीचं दार, आजवर कधी कुरकुर न केलेलं. लावताना वरच्या चौकटीला घासायचं. अण्णांनी येऊन फळीवर हात फिरवला.

"ओल," ते म्हणाले. "लाकूड फुगलंय. बघितलंस ना, किती पाणी मुरलंय ते?"

सुतार आला, वरच्या कडेला रंधा मारून गेला. दार लागलं. पुढच्या आठवड्यात परत अडलं. परत रंधा. आता मात्र मला राहवेना. दार फुगलं असेल तर बाजूनंही अडायला हवं, नुसतं वरूनच का अडतं? मी अण्णांना तसं विचारलं. मापात कपडा बसत नसेल तर नेहमी कपडाच चुकलेला नसतो, कधी अंग बदललेलं असतं, असंही म्हणाले. अण्णा हसले. "तुझं सगळं कापडावर येतं," हे या वेळी ते म्हणाले.

मग खिडकीची काच तडकली. दगड नाही, चेंडू नाही, खोलीत कोणी नाही. वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत तिरपी रेघ. अण्णा म्हणाले, गल्लीतल्या पोरांचं काम. मी खाली जाऊन पोरांना विचारलं, तर ती शाळेत होती.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. कशाची, ते नेमकं सांगता येत नव्हतं, आणि त्या घरात नेमकं सांगता येत नसेल तर भीती धरायची मुभा नव्हती. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे लागलेले. दार अडलं, पाणी. भुकटी पडली, पाणी. भिंतीच्या वरच्या कडेला बोट शिरेल एवढी चीर पडली, तरी पाणी. अण्णांनी त्या चिरेत सिमेंट भरलं आणि वर रंगाचा हात मारला. अण्णा मूर्ख नव्हते हो. मूर्ख असते तर त्यांचं कोणी ऐकलं नसतं. त्यांनी आयुष्यभर एकच चोर पकडला होता, त्यामुळे घरात काहीही हललं की त्यांना तोच आठवायचा.

फरशी बसवायच्या आधी एक गोष्ट झाली. होयबानं पाण्याची नळी धरून सपाटी बघितली, तर गच्चीचा मधला भाग खाली निघाला. कडा वर, मध्य खाली. पाणी सांडलं तर बाहेर जायच्या ऐवजी मधेच तळं होणार. त्या दिवशी मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले होते.

होयबा अण्णांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं होतं. "अण्णा," तो म्हणाला, "मागच्या खेपेला मी स्वतः उतार काढला होता. असा खळगा नव्हता."

"मग आता पडला. माल खचला असेल."

"माल खचेल, पण एवढा..."

"खळगा आहे ना? भरून काढ."

होयबानं ओठ हलवले. मग मान हलवली. "बरोबर," तो म्हणाला. आणि त्यांनी तो खळगा भरला. मधोमध, जिथे छत सगळ्यात खाली गेलं होतं नेमकं तिथेच, सगळ्यात जास्त माल पडला. घमेल्यामागून घमेलं. मी हातात कपडे घेऊन बघत उभी होते आणि माझ्या पायांना काहीतरी वाटत होतं. हलल्यासारखं नव्हे. काही दाबून धरलंय आणि ते श्वास रोखून आहे, असं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सरळ म्हणाले, "मी भिंगरीला या खोलीत झोपवणार नाही."

तो पलंगावर बसून मोजे काढत होता. औषधांच्या दुकानात दिवसभर उभा असतो, संध्याकाळी त्याला कोणाशी वाद नको असतो. "मलाही बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. मला वाटलं, झालं, आता हा बोलेल. "पण काम संपत आलंय. आता अण्णांना कोण सांगणार? त्यांचं मन मोडेल."

"त्यांचं मन मोडेल की..."

"हळू बोल."

शेवटी आम्ही गाद्या खाली हॉलमध्ये टाकल्या. अण्णांना सांगितलं की वर सिमेंटचा वास येतो, भिंगरीला खोकला होतो. भिंगरी कधी खोकली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी डोळे मोठे केले, तिनं लगेच दोनदा खोकून दाखवलं. अण्णांना ते पटलं. आम्हाला वाटलं, सुटलो. खरं बोलायच्या जागी आम्हीही काहीतरी वरून घातलं, एवढंच झालं होतं.

फरशी बसली. देखणी झाली गच्ची, नाही म्हणू नये. लालसर फरशी, सरळ सांधे, कडेला गोलाई. अण्णा अनवाणी फिरून आले. आता उरली परीक्षा. पाणीपुरवठ्याचा माणूस ती कशी सोडेल? पाणी जायची भोकं चिंध्यांचे बोळे घालून बंद करायची, कठड्याच्या आत घोट्याच्या वर पाणी भरायचं, आणि ते तसंच उभं ठेवून खालून बघत बसायचं. थेंब नाही पडला तर गच्ची पास.

"रिकाम्या खोलीत थेंब पडला तर दिसणार कोणाला?" अण्णा म्हणाले. "मी बसतो खाली."

"तुम्हीही बसू नका," मी म्हणाले. "अधूनमधून दारातून बघा."

"दारातून थेंब दिसतो का कधी? थेंबाची वाट बघावी लागते." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "तू घाबरतेस फार."

सकाळी पाणी सोडलं. मोटर लावून अण्णांनी स्वतः भरलं. मला दवाखान्यात कोट पोचवायचे होते, मापं दाखवून सह्या घ्यायच्या होत्या, टाळता येण्यासारखं नव्हतं. निघताना सासूबाईंना दोनदा बजावलं, "आई, भिंगरीला वर जाऊ देऊ नका. काहीही झालं तरी."

"नाही गं जाऊ देत," त्या म्हणाल्या. "जा तू."

दवाखान्यात काम लांबलं. एका कोटाची बाही आखूड निघाली, तिथेच बसून उसवून लांब करून दिली. टाके उसवत होते आणि सारखं वाटत होतं, उठावं, जावं. परत येताना जवळजवळ पळत आले. दुरून घराकडे बघितलं. घर जागेवर होतं. दुपारचं ऊन, कठड्यावर कावळे ओळीनं बसून पाणी पीत होते. मला माझंच हसू आलं. एवढं काय घाबरायचं?

आत आले तर सासूबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या. खूश होत्या. "एक थेंब नाही," त्या म्हणाल्या. "सकाळपासून एक थेंब नाही! मघाशी भिंतीही कोरड्या खणखणीत होत्या. अण्णा तर लहान मूल झालेत."

"भिंगरी कुठे आहे?"

त्यांनी साखरेचा डबा उघडला. "अगं, अण्णांनीच नेलं तिला वर. म्हणाले, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, हिचे डोळे कोवळे आहेत, थेंब हिला आधी दिसेल. म्हटलं, थोडा वेळ बसू दे. आजोबांच्या मांडीवर तर आहे."

मी पिशवी तिथेच टाकली आणि जिन्याकडे गेले. वरून भिंगरीचं हसणं ऐकू येत होतं. त्या हसण्यानंही मला धीर आला नाही.

दार अर्धं उघडं होतं. अण्णा पलंगावर उताणे पडले होते, चष्मा लावून, हातात टॉर्च. भर दुपारी टॉर्च. त्यांच्या कुशीत भिंगरी. दोघं छताकडे बघत होते, जत्रेतला पाळणा बघावा तसे. छत पांढरंशुभ्र होतं, अण्णांनी त्या गाढवालाही रंग मारून टाकला होता. आणि आता शंकेला जागा नव्हती. छत खाली आलं होतं. मधोमध, पलंगाच्या वर, गर्भारशीच्या पोटासारखं.

"ये ये सूनबाई," अण्णा म्हणाले. "बघ. कोरडं ठाक."

"भिंगरी, ये इकडे."

"थांब ना आई. पहिला थेंब मला दिसला तर आजोबा मला टॉर्च देणार आहेत."

"भिंगरी. ये."

मी दाराच्या आत पाऊल टाकलं. तेवढ्यात कुठेतरी कट्ट आवाज झाला. मोठा नाही. वाळकी काडी मोडावी तेवढा. तो भिंतीच्या आतून आला. अण्णांनी तो ऐकला. जमिनीखालचं पाणी ज्यांना ऐकू यायचं, त्यांना तो आवाज कसा चुकेल? त्यांची मान वळली. पण कोणत्या पाण्याचा हा आवाज, हे त्यांना कळेना. तेवढ्यात वरून काहीतरी पडलं, त्यांच्या चष्म्याच्या काचेवर. भिंगरी ओरडली, "थेंब! मला दिसला!"

अण्णांनी काचेवर बोट लावलं. ते बोट अंगठ्यावर चोळलं. नेहमीसारखं.

कोरडं होतं.

त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला, आणि तो मला माझ्या मरणापर्यंत दिसत राहणार आहे. तो घाबरलेला नव्हता. ज्याला आयुष्यभर ओळखत होतो तो हा नव्हेच, दुसराच कोणीतरी इतके दिवस घरात राहत होता, हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा होईल तसा होता. त्यांनी टॉर्च टाकला. दोन्ही हात भिंगरीच्या काखेत घातले आणि त्या म्हाताऱ्या माणसानं पडल्या पडल्याच तिला उचलून पलंगाच्या काठावरून माझ्या अंगावर लोटलं.

"घे हिला. जा."

मी तिला धरलं. वजनानं मागे गेले, दाराच्या बाहेर, जिन्याच्या कठड्याला पाठ लागली. अण्णा कोपरावर उठत होते. गुडघे धरलेले, लवकर उठता यायचं नाही त्यांना. एक पाय खाली घेतला, चपलेसाठी चाचपडला. उगीच. सवयीनं. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तू ते दाराचं म्हणत होतीस, ते..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

आवाज मी सांगत नाही. सांगता येणार नाही. आधी धूळ आली, मग सगळं अंधारलं, आणि माझ्या पुढ्यात दाराच्या आत आता खोली नव्हती, नुसता माल होता. अण्णांनी निवडलेली लालसर फरशी, तिच्याखाली विटा, त्याखाली काळं डांबर, सिमेंट, त्याखाली कोणत्या तरी जुन्या वर्षाचे निळे-पांढरे तुकडे. सगळे थर, एकाखाली एक, आणि सगळ्यांच्या खाली अण्णा. मी हाका मारल्या. भिंगरीनंही मारल्या.

पाणी सगळ्यात शेवटी आलं. ढिगाऱ्यातून वाट काढत, गढूळ होऊन, माझ्या पावलांवरून जिन्यानं एकेक पायरी उतरत खाली गेलं. माझ्या कानात नुसतं वाजत होतं. त्यातून खालून सासूबाईंचा आवाज आला. त्या जिन्याच्या पायथ्याशी आल्या असाव्यात. धुळीत त्यांना मी दिसत नव्हते, मला त्या दिसत नव्हत्या.

"काय गं पडलं एवढं? टाकी फुटली का?" त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण त्या स्वतःला सावरत होत्या, माझ्यासाठी. "हे बघ, पाणी आलं सगळं खाली. अण्णांना म्हणावं, चिडचिड करू नका. आधी खाली या म्हणावं, चहा झालाय."

मी भिंगरीचं तोंड छातीशी घट्ट दाबून धरलं. त्या परत म्हणाल्या, "सांगितलंस का गं त्यांना?"